पट्टी निगेटिव्ह, मुलगा अत्यवस्थ : बडोद्यातील एका महाविद्यालयाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

माननीय व्यवस्थापन मंडळ आणि प्राचार्य महोदय यांस,

सा. न. वि. वि.

आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या घरी यंदा प्रवेशाच्या कागदांबरोबर एक हमीपत्र आले आहे. त्यात लिहिले आहे की सत्रात केव्हाही, आगाऊ न कळवता, लघवीची तपासणी होईल. सहा पदार्थांपैकी एक जरी ‘पॉझिटिव्ह’ निघाला तर त्याच दिवशी खोली सोडावी लागेल. आणि कलम सात असे की, खोलीत कोणी नशेच्या अवस्थेत सापडला तर त्या खोलीतल्या सर्वांवर सारखीच कारवाई होईल. खाली आईवडिलांची सही, त्याखाली स्थानिक पालकाची.

माझ्या भाचीची मुलगी नाशिकहून आपल्याकडे शिकायला आली आहे. तिची स्थानिक पालक मी. मी सही केलेली नाही. का केली नाही ते कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहून सांगू लागले, तर आतून उत्तर आले, ‘‘बेन, आ तो बधा माटे छे.’’ सगळ्यांसाठी आहे, हे मला दिसतच होते. म्हणून तर हे पत्रही सगळ्यांसाठी लिहिते आहे. गुजरातीतली प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. मराठीत लिहायचे कारण असे की आपल्या वसतिगृहात जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिककडची मुले कमी नाहीत. त्यांच्या आईबापांनी सह्या करून कागद परत पाठवले असतील, पण त्या कागदाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला असेल असे वाटत नाही. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भांडण नावाशी नाही, आणि असेच हमीपत्र उद्या दुसरे कोणी काढणार नाही याचा भरवसाही नाही.

आधी माझी ओळख. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम केले. बडोद्यात हे काही नवलाचे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, तिथे शिकवणारे प्रा. गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक उभी केली, आणि तेव्हापासून या गावात दर चार घरांआड एक तरी माणूस बाटली, बॅच आणि बफर यांच्यावर पोट भरत आला. तपासणी करणे हाच माझा धंदा होता, तेव्हा तपासणीला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माझी तक्रार ही की आपण चुकीची तपासणी, चुकीच्या कारणासाठी करणार आहात, आणि जे मूल वाचले असते, तेही तिच्या धाकाने जाईल.

आता ती सहा पदार्थांची पट्टी. बाजारात ती स्वस्तात मिळते. लघवीत बुडवायची आणि काही मिनिटांत रेघा बघायच्या. तिच्यात गांजा, अफूवर्गीय पदार्थ, अँफेटामिन, कोकेन आणि झोपेच्या गोळ्यांचे दोन प्रकार यांच्यासाठी अँटिबॉडी लावलेल्या असतात. अँटिबॉडी रेणूचा आकार ओळखते. ओळखीचा आकार दिसला की रेघ बदलते, अनोळखी आकाराला ती आंधळी असते. हा चाळणीचा पहिला टप्पा आहे, निकाल नव्हे. आमच्याकडे एखाद्या बॅचचा स्पॉट टेस्ट बिघडला तर आम्ही बॅच फेकून देत नसू, एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर लावून खात्री करत असू. आपल्या हमीपत्रात खात्रीची तपासणी नाही, दुसरा नमुना नाही, कोणते औषध चालू आहे हे विचारायचीही सोय नाही.

त्यामुळे एक गंमत होणार आहे, जिला गंमत म्हणवत नाही. दिवाळीनंतर मुले घरून डबे घेऊन परत येतील. डब्यात अनारसे असतील, आणि अनारशावर खसखस. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. तिच्यावर मॉर्फिन आणि कोडीनचा अंश चिकटलेला असू शकतो, आणि ती पुरेशी पोटात गेली तर अफूची रेघ बदलू शकते. हे माझ्या मनचे नाही. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीत याच घोळामुळे १९९८ मध्ये मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० वर नेली. आपण आणणार आहात त्या पट्टीची मर्यादा किती, हे हमीपत्रात कुठेही नाही. खोकल्याच्या कोडीनवाल्या सिरपनेही तेच होईल. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनने अँफेटामिनची रेघ बदलू शकते. शिवरात्रीला उज्जैनला जाऊन सरकारमान्य दुकानातली भांग प्यायलेला मुलगा तर सरळ गांजेकस ठरेल. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, तिच्यातून नुसती पाने वगळलेली आहेत. पट्टीला ही व्याख्या कशी कळणार?

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण माझ्या दृष्टीने हे लहान दुखणे. मोठे दुखणे चोराचे आहे.

आज मुलांच्या हातात पडू शकणारे जे पदार्थ सर्वांत घातक आहेत, त्यातले बरेचसे या पट्टीला दिसतच नाहीत. त्यातल्या एकाविषयी मी सविस्तर लिहिते, कारण त्याची हकिगत कळली की कलम सात कुठे नेईल हे वेगळे सांगावे लागणार नाही.

२००३ मध्ये बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पीएच.डी.साठी काही नवे रेणू बनवले. नशेसाठी नव्हे. मेंदूत सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाला धरणारे अनेक रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे खाचे, असतात, त्यातला ५-एचटी२ए नावाचा एक समजून घ्यायचा होता, आणि त्याला घट्ट चिकटेल असे रसायन हवे होते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी शोधलेल्या ‘टू-सी’ कुळातल्या रेणूंच्या नायट्रोजनवर हाइमने मिथॉक्सिबेंझिल नावाचा एक तुकडा जोडला. तोवरच्या अनुभवावरून असा बोजड तुकडा लावला की रेणू ढिला पडावा. झाले उलटेच. चिकटण्याची ताकद कित्येक पटींनी वाढली. २५आय-एनबीओएमई तो हाच. त्याचे सख्खे भाऊ म्हणजे आयोडिनच्या जागी ब्रोमिन घातले की २५बी आणि क्लोरिन घातले की २५सी. पुढे कोपनहेगनच्या संशोधकांनी २५बीला किरणोत्सारी कार्बन लावून मेंदूच्या पेट स्कॅनसाठी त्याचा उपयोग केला. जिवंत माणसाच्या मेंदूत हे रिसेप्टर कुठे आणि किती आहेत ते त्याने दिसते. तिथे रेणू अगदी लेशमात्र देतात, मोजून, डॉक्टर शेजारी उभे असताना. इथवर सगळे छान आहे. रेणूला वाईट चालीचा म्हणण्यात अर्थ नाही.

२०१०च्या सुमारास तो संशोधनातून बाजारात आला. प्रयोगशाळेतले निबंध कोणालाही वाचायला मिळतात, आणि कायदा त्यावेळी त्याला नावाने ओळखत नव्हता. आपल्याकडचा कायदाही पदार्थांची नावानिशी यादी करतो, त्यामुळे यादीबाहेरचा रेणू बनवायचा आणि यादी वाढली की त्यात एक अणू बदलायचा, हा तर या धंद्याचा पायाच. म्हणून त्यांना डिझायनर ड्रग म्हणतात. हा रेणू गिळला तर यकृत त्याची जवळजवळ वाट लावते, म्हणून तो कागदाच्या चौकोनी तुकड्यावर जिरवून तोंडात धरायला देतात. एलएसडी हा भ्रम आणणारा नशेचा पदार्थही अशाच कागदावर विकतात. झाले, विकणाऱ्याला आयते दुकान मिळाले. तुकडा तोच, वरचे चित्र तेच, भाव एलएसडीचा आणि आत भलतेच. घेणाऱ्यालाही माहीत नसते. बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही नसते.

आपण म्हणाल, विष ते विष, त्यात डावे-उजवे कसले? आहे. एलएसडी हा निर्धोक पदार्थ आहे असे मी म्हणत नाही. भ्रम होतात, माणूस गच्चीच्या कठड्यावर चढतो, आधीच डळमळीत असलेले मन कायमचे ढासळू शकते. पण नुसत्या एलएसडीच्या विषबाधेने शरीर निकामी होऊन मृत्यू येणे फार दुर्मीळ. तो ५-एचटी२एला अर्धवट चेतवतो. एनबीओएमई कुळातले रेणू त्याच रिसेप्टरला अधिक जोराने चेतवतात, आणि हा रिसेप्टर फक्त मेंदूत नसतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असतो, रक्तातल्या प्लेटलेट्सवर असतो. वाहिन्या आवळतात, रक्तदाब आणि नाडी चढते, झटके येतात, अंग भट्टीसारखे तापते, स्नायू विरघळू लागतात आणि त्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. मात्रा इतकी सूक्ष्म की सगळी मिळून मिलिग्रॅमही भरत नाही, मिठाचे काही कण. इतके थोडे कागदावर हाताने सारखे पसरवणे शक्य नाही. एकाच पानातला एक चौकोन रिकामा निघेल आणि शेजारचा दुप्पट-तिप्पट. गोळ्यांत औषधाचे प्रमाण सारखे उतरावे म्हणून आमच्या कंपनीत मोठमोठी यंत्रे होती, तरी आम्ही बॅचगणिक नमुने काढून बघत असू.

अमेरिकेत २०१२-१३ या दोन वर्षांत किमान १९ मृत्यूंशी या कुळाचे नाव जोडले गेले, बहुतेक तरुण. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे तातडीने बंदी आली. मार्च २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने तिन्ही भावंडांना १९७१च्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक अनुसूचीत घातले. तो करार भारतालाही लागू आहे.

आणि आपली पट्टी? एनबीओएमईसाठी तिच्यावर अँटिबॉडी नाही. रासायनिक कूळ अँफेटामिनच्या जवळचे असले तरी अँफेटामिनची रेघही ढिम्म हलत नाही. लघवीत तो इतका कमी उतरतो की पकडायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूचे वजन मोजून ओळख पटवणारे यंत्र, लागते. एलएसडीसुद्धा त्या सहांत नाही. मेफेड्रोन, ज्याला गावात एमडी म्हणतात, त्याचाही या पट्टीवर भरवसा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सावली तालुक्यातल्या एका कारखान्यातून गुजरात एटीएसने दोनशे किलोहून जास्त एमडी पकडले, ते आपण वाचले असेलच. म्हणजे जे आपल्या अंगणात सापडले तेही पट्टी सांगेल याची खात्री नाही. सांगेल फक्त गांजा, आणि तो मात्र सांगेल तीन-तीन आठवड्यांनी, कारण गांजाचा अंश चरबीत साठून हळूहळू उतरतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मुले हुशार आहेत, आपण त्यांना हुशार म्हणूनच प्रवेश दिला आहे. काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्यांना महिन्याच्या आत कळेल. अमेरिकेत सैन्यात आणि तुरुंगातून सशर्त सुटलेल्या लोकांत ‘स्पाइस’ नावाचा कृत्रिम गांजा पसरला, त्यामागचे एक कारण हेच होते की नेहमीच्या लघवी-तपासणीत तो दिसत नव्हता. साध्या गांजाला घाबरून माणसे त्याहून कितीतरी घातक रसायनाकडे गेली. आपले हमीपत्र मुलांना तोच रस्ता दाखवते आहे, तेही पालकांच्या सहीने.

तपासणीच्या धाकाने मुले मुळातच दूर राहतील, हा युक्तिवाद मला खिडकीवर ऐकवला गेला. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये सुमारे ७६ हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली होती. तपासणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांतल्या मुलांच्या नशेत त्यांना फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना शाळांतल्या अशा सरसकट तपासणीला पाठिंबा देत नाही. आपल्याकडे फार्मसीचा विभाग आहे. हमीपत्र छापण्याआधी तिथल्या कोणाला विचारले होते का?

आता माझ्या घरची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या वरच्या खोलीत तीन मुले भाड्याने राहत होती, दुसऱ्या एका कॉलेजची. एका रात्री त्यातले दोघे खाली आले. जिन्यात उभे राहून एकमेकांकडे बघत होते, बोलेना कोणी. वर गेले तर तिसरा पलंग आणि भिंत यांच्यामध्ये अडकल्यासारखा बसलेला. दातखीळ बसलेली, बुबुळे मोठी, हात लावला तर अंग इतके गरम की मी हात मागे घेतला. मधूनच सगळे अंग ताठ व्हायचे. उशाशी स्टीलच्या वाटीत थुंकी होती आणि तिच्यात कागदाचा एक चौकोन, नखाएवढा, निळ्या रंगाचे चित्र अर्धे विरघळलेले. ‘‘कडू होतं म्हणून थुंकला,’’ एक जण म्हणाला. एलएसडीला अशी चव नसते. एनबीओएमई कडू असल्याचे बऱ्याच नोंदींत आहे. पण चवीवरून मी निदान करणार नाही, आयुष्यभर दुसऱ्यांना तेच शिकवले आहे.

किती वेळ झाला, विचारले. संध्याकाळपासून. मग इतका वेळ काय करत होतात? दोघांपैकी मोठा होता तो रडू लागला. त्यांच्या कॉलेजातही असाच काहीतरी नियम होता. १०८ला फोन केला तर पोलीस येतील, पोलीस आले तर कॉलेजला कळेल, कॉलेजला कळले तर तिघेही बाहेर. म्हणून त्यांनी त्याला लिंबूपाणी पाजले, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि वाट पाहिली. मुले वाईट नव्हती. नियमाने जे शिकवले तेच त्यांनी केले.

वाटीतला तो चौकोन मी चिमट्याने उचलून औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत घातला, तारीख-वेळ लिहून चिकटवली आणि मुलाबरोबर रुग्णालयात नेला. तिथे लघवीची पट्टी लावली. निगेटिव्ह. सगळ्या सहा. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, ड्रग पॅनेल निगेटिव्ह आहे, मेंदूज्वराच्या दिशेने जाऊ. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, बघितली आणि परत दिली. म्हणाले, याचे आम्ही काय करणार, आमच्याकडे सोय नाही. पुढे वरिष्ठ आले, त्यांनी मित्रांकडून सगळे ऐकून घेतले आणि पट्टीकडे न बघता समोरच्या मुलाकडे बघून इलाज सुरू केला. झटक्यांसाठी बेंझोडायझेपिन, बर्फ, सलाइन. या विषाला उतारा असा नाहीच, हेच करायचे असते, फक्त लवकर करायचे असते. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती, म्हणजे स्नायू तुटायला लागले होते. मुलगा वाचला. आयसीयूतून बाहेर आला, घरी गेला, शिक्षणासाठी मात्र पुन्हा या गावी आला नाही.

एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांसाठी रुग्णालयाने केलेल्या, कागदांत त्या बाटलीची नोंद नाही. ती शेवटी कुठे गेली मला माहीत नाही. घरी ठेवून मी ती तपासू शकले नसते, कारण असा पदार्थ जवळ बाळगणे हाच गुन्हा, आणि खासगी प्रयोगशाळेत कोणी घेतली नसती. एर्लिख रिएजंट या रंग बदलून ओळख देणाऱ्या रसायनाचा एक थेंब पुरे होता. पॅथॉलॉजीवाले लघवीतले युरोबिलिनोजेन बघायला पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरत आले. एलएसडीवर तो जांभळा होतो, एनबीओएमईवर होत नाही. जांभळा झाला म्हणजे माल सुरक्षित असे अजिबात नव्हे, पण जांभळा झाला नाही तर डॉक्टरांना तिथल्या तिथे कळले असते की हा एलएसडी नाही, मूत्रपिंड सांभाळा. एका थेंबाची गोष्ट. त्या रात्री गावात तसेच निळ्या चित्राचे आणखी किती चौकोन फिरत होते, ते कोणाच्या तोंडात गेले, याचा पत्ता लावायची इच्छा कोणालाच नव्हती.

नेदरलँड्समध्ये १९९२ पासून लोक असे नमुने आणून देऊ शकतात, ते तपासले जातात आणि एखादा फारच घातक निघाला तर जाहीर इशारा दिला जातो. आपल्याकडे तसे आज होणार नाही, हे मला कळते. पण इथून दोन-अडीच तासांवर गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ आहे, मास स्पेक्ट्रोमीटर आहेत, शिकलेली माणसे आहेत. अत्यवस्थ रुग्णाबरोबर आलेला नमुना दोन दिवसांत तपासून शहरातल्या रुग्णालयांना कळवणे यात अशक्य काय आहे?

आता पुन्हा कलम सात. आपल्या वसतिगृहात उद्या असा मुलगा कोपऱ्यात तापत बसला, तर त्याच्या खोलीतल्या दोघांनी काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? वॉर्डनला उठवले की तिघांची हकालपट्टी. गप्प राहिले तर कदाचित सकाळपर्यंत निभावेल. अठरा-एकोणीस वर्षांची मुले कोणता हिशेब करतील, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आपल्या संसदेने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घातले. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये नशेच्या विषबाधेसाठी मदत मागणाऱ्यालाही तसेच संरक्षण दिले, पुढे बहुतेक राज्यांनी दिले. आपला अमली पदार्थांचा कायदा कडक म्हणून ओळखला जातो, पण त्यातसुद्धा कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळते. म्हणजे सरकारनेही एक दार उघडे ठेवले आहे. आपल्या हमीपत्रात एकही नाही.

खासगीपणाचा मुद्दा एका वाक्यात : ही सज्ञान मुले आहेत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे, आणि त्यांच्या लघवीचा निकाल आईबापांना कळवण्याआधी आपल्या वकिलांना न्यायालयाचा तो निकाल एकदा वाचायला द्यावा.

मागण्या अशा आहेत.

कलम सात आजच्या आज रद्द करा, आणि त्या जागी लिहा : जो विद्यार्थी स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी १०८ला फोन करील, वॉर्डनला उठवील किंवा कोणाला रुग्णालयात नेईल, त्याच्यावर आणि त्या रुग्णावर महाविद्यालय शिस्तभंगाची कारवाई करणार नाही. हे वाक्य प्रत्येक मजल्यावर मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजीत लावा. बाकीच्या मागण्यांवर घासाघीस करायला मी तयार आहे, हिच्यावर नाही.

पट्टीच्या निकालावर कोणालाही काढू नका. तपासणी करायचीच असेल तर संमतीने करा, चालू असलेली औषधे आधी विचारा, दुसरा नमुना सीलबंद ठेवा, मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री झाल्याशिवाय तोंड उघडू नका आणि निकाल समुपदेशकाकडे जाऊ द्या, शिस्त समितीकडे नको.

वॉर्डन आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांना अर्धा दिवस बसवून शिकवा. तापलेले, ताठरलेले, भ्रमात असलेले मूल दिसले तर खोलीत कोंडू नये, पालथे दाबून धरू नये, अंग गार करावे, झटका आला तर कुशीवर वळवावे, १०८ लावावा, आणि जे काही सापडेल ते फेकून न देता डॉक्टरांच्या हाती द्यावे. एवढे पुरे आहे.

पहिल्याच आठवड्याच्या कार्यक्रमात मुलांना खरे सांगा. ‘ड्रग्ज म्हणजे मृत्यू’ असा फलक लावलात तर ती हसतील, कारण गांजा ओढून न मेलेला मित्र प्रत्येकाला माहीत असतो. कागदावर एलएसडी म्हणून एलएसडी नसलेले काहीही असू शकते आणि पट्टी निगेटिव्ह आली म्हणून जीव सुरक्षित ठरत नाही, हे सांगा. फार्मसीच्या प्राध्यापकांना बोलवा, पोलिसांना नंतर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे क्रमांक ओळखपत्रामागे छापा. आपला पूर्णवेळ समुपदेशक नेमा. सध्या आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाई कोणत्या खोलीत बसतात हे आमच्या मुलीला दोन महिन्यांत सापडलेले नाही.

शेवटची मागणी आपल्या एकट्याच्या हातातली नाही, पण आपल्या मंडळावर डॉक्टर आहेत, उद्योजक आहेत, आपला शब्द चालतो. शहरातल्या रुग्णालयांनी अशा रुग्णांचे आणि पदार्थांचे नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावेत आणि निकाल रुग्णाचे नाव न घेता आरोग्य विभागाने सर्व रुग्णालयांना व महाविद्यालयांना कळवावेत, असा ठराव आपण करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. मसुदा हवा असेल तर मी करून देते, मानधन नको.

आमच्या मुलीचे हमीपत्र मी कलम सात आणि तपासणीचे कलम खोडून, बाकी सगळ्या नियमांपुढे सही करून या पत्रासोबत परत पाठवत आहे. असे अर्धवट हमीपत्र चालत नाही म्हणून तिची खोली काढून घ्यायची असेल, तर तसे कारणासह लेखी द्यावे. पुढच्या पालकसभेला मी येणार आहे. ज्या पालकांना हे पटते त्यांनीही सही करण्याआधी आपापले हमीपत्र एकदा घेऊन बसावे, आणि सभेत माझ्या शेजारी बसावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक स्थानिक पालक
निवृत्त औषध विश्लेषक, दांडिया बाजार, बडोदे